उजेडाचे प्रश्न, रंकाळ्याच्या कट्ट्यावरून

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता प्रश्नांची कटकट मिटली. पण संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलं की कट्ट्यावर कुणी ना कुणी गाठतंच. "सर, एक विचारू का?" विचारणाऱ्यांत फिरायला येणारे निवृत्त लोक असतात, कॉलेजची पोरं असतात, भेळेची गाडी लावणाराही असतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उतरवून ठेवतोय. क्रम पुस्तकातला नाही, कोल्हापुरात विचारतात तो आहे. म्हणजे पहिला मान अंबाबाईचा.

अंबाबाईचा किरणोत्सव ठरावीक तारखांनाच का होतो?

किरणोत्सव म्हणजे मावळत्या सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात तो सोहळा. तो ठरावीक तारखांनाच होतो, कारण सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२३ तारखांना तो बरोबर पश्चिमेला मावळतो. जूनकडे जाताना मावळतीची जागा उत्तरेकडे सरकते, डिसेंबरकडे जाताना दक्षिणेकडे. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे किरणोत्सवाचे परंपरागत दिवस. या दिवसांत कोल्हापुरातून पाहिलं तर सूर्य पश्चिमेपासून दक्षिणेला साधारण १८ अंशांवर मावळतो. महाद्वारातून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यापर्यंत जी सरळ मोकळी वाट आहे, तिच्यात याच दिशेची तिरीप बसते.

वर्षातून दोनदा का, तर २२ डिसेंबर मधोमध धरा. १० नोव्हेंबर त्याच्या ४२ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी ४१ दिवस नंतर. गारगोटीची एसटी जाताना ज्या थांब्यावरून जाते, येतानाही त्याच थांब्यावरून येते, तसं सूर्याचं आहे. दक्षिणेला जाताना एकदा, परतताना एकदा.

दोन-तीनच दिवस का, याचं उत्तर मला फार आवडतं. त्या काळात मावळतीची जागा रोज पाव अंशाहून थोडी जास्त सरकते. सूर्याची थाळी आपल्याला अर्धा अंश रुंद दिसते. म्हणजे दोन दिवसांत सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला होतो. एवढ्या लांब आणि अरुंद वाटेला इतका फरक पुरेसा आहे. आठवड्याभरात तिरीप खांबांवर जाते, गाभारा चुकतो.

आणि किरणं चरणांपासून वर चढतात ती का? दाराच्या चौकटीची वरची कड हा इथला खरा सूत्रधार. समजा दार १० फूट उंच आहे आणि सूर्य क्षितिजाच्या ३ अंश वर आहे. कडेखालून येणारी तिरीप १९० फूट आत जाऊन जमिनीला टेकेल. सूर्य २ अंशांवर आला की तीच तिरीप २८६ फुटांपर्यंत जाते. मध्ये मूर्ती असेल तर? सूर्य जसा खाली, तशी तिरीप आडवी होत जाते आणि उजेडाची वरची सीमा मूर्तीवर वर सरकते. लोक श्वास रोखून पाहतात ती पाच-दहा मिनिटं म्हणजे सूर्याच्या उतरण्याची उलटी नक्कल असते. ज्यांनी हे मंदिर बांधलं त्यांनी आधी किती संध्याकाळी पश्चिमेकडे बघण्यात घालवल्या असतील, हे मात्र कुणी विचारत नाही.

मग काही वर्षी किरणं मूर्तीपर्यंत पोचत का नाहीत?

ढग हे उघड कारण आहे. दुसरं कारण धूळ आणि बाष्प. डोक्यावरचा सूर्य जेवढ्या हवेतून आपल्यापर्यंत पोचतो, त्याच्या सुमारे १५ पट हवा ३ अंशांवरच्या सूर्याला ओलांडावी लागते. क्षितिजाला टेकताना तर ३८ पट. स्वच्छ वाटणाऱ्या दिवशीसुद्धा एवढ्या जाडीच्या हवेतून येता येता किरण अर्धमेला होतो. त्यात नोव्हेंबर म्हणजे उसाच्या गळिताचा हंगाम, धुराडी पेटलेली. तिसरं कारण माणसांचं: महाद्वाराच्या पुढच्या वाटेत वाढलेली बांधकामं, फलक, तारा. ३ अंशांवरच्या सूर्याला झाकायला फार उंच इमारत लागत नाही. २०० फुटांवरची, दाराच्या कडेहून दहा-बारा फूट उंच गोष्टही पुरते.

जाता जाता एक गंमत. मावळता सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो, तेव्हा तो प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा किरणांना वाकवते आणि सूर्य सुमारे अर्धा अंश, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंचीइतका, वर उचलून दाखवते.

कवडसा गोल का असतो? कौलाचं भोक तर वेडंवाकडं असतं.

कारण तो भोकाचा आकार नसतोच. तो सूर्याचा फोटो असतो.

सूर्याच्या प्रत्येक बिंदूपासून आलेला किरण त्या बारीक भोकातून सरळ आत जातो. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण खाली पडतो, खालच्या कडेचा वर. अशी उलटी, गोल प्रतिमा जमिनीवर तयार होते. भोकाला हात लावून पाहिलात तर हाताच्या अगदी जवळ उजेडाचा डाग भोकासारखाच वाकडा दिसेल. हात दूर नेत जा, तो गोल होत जाईल.

घरी मोजून पाहण्यासारखं आहे. कवडशाची रुंदी आणि भोकापासूनचं अंतर यांचं प्रमाण सुमारे १ : १०८ येतं. कौल ९ फुटांवर असेल तर कवडसा जवळजवळ एक इंचाचा. (कवडसा तिरका पडला असेल तर लांबट होतो, त्याची अरुंद बाजू मोजा.) सूर्याचा व्यास आणि सूर्याचं अंतर यांचंही प्रमाण तेच. म्हणजे सूर्याचं अंतर १५ कोटी किलोमीटर हे माहीत असेल, तर फूटपट्टी आणि एक फुटकं कौल यांच्या जोरावर सूर्याचा व्यास काढता येतो, सुमारे १४ लाख किलोमीटर. जपमाळेत १०८ मणी असतात हे सांगितल्यावर कट्ट्यावरचे काही जण लगेच खुलतात. त्यावर मी काही बोलत नाही.

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण लागलं तेव्हा झाडांखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. पानांमधली प्रत्येक फट म्हणजे एक भोक, आणि प्रत्येक भोकातून कापलेल्या सूर्याचा एक फोटो. लोक वर बघायला धडपडत होते आणि खाली रस्त्यावर हजार ग्रहणं पडली होती. ग्रहण बघायची ही सर्वांत सुरक्षित रीत आहे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, यातलं काहीही डोळ्याला लावू नका.

लहानपणी शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात दुपारी खिडक्या लावल्या की एका फटीतून समोरच्या भिंतीवर रस्त्यावरची माणसं उलटी चालताना दिसायची. आजी म्हणायची, भुतं आहेत, झोप. पुढे कळलं की ही भुतंच कॅमेऱ्याचे पूर्वज. याच गावात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे त्यामागची कथा हीच. अंधारी खोली, एक भोक, भोकाला भिंग, भोकासमोर फिल्म. बाकी सगळी सुतारकी आणि जिद्द.

टॉर्चचा झोत कधी दिसतो, कधी दिसत नाही. असं का?

प्रकाश बाजूने दिसत नाही. तुमच्या डोळ्यात शिरला तरच तो दिसतो. झोत तुमच्या समोरून आडवा जात असेल आणि वाटेत काहीच नसेल, तर तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही. वाटेत धूर, धूळ, धुकं आलं की त्या कणांवर आपटून थोडा प्रकाश तुमच्याकडे वळतो, आणि "झोत दिसला" असं आपण म्हणतो. एकपडदा थिएटरात मागच्या भोकातून निघणारा तो निळसर झोत आठवतो? तो बिडीच्या धुराचा पराक्रम. थिएटरात धूम्रपानबंदी आली आणि झोत फिका झाला. जोतिबाला गुलाल उधळला जातो तेव्हा उन्हाच्या सळया उभ्या राहतात, तेही हेच.

यातूनच पन्हाळ्याच्या धुक्यातलं उत्तर मिळतं. धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब तुमचाच उजेड तुमच्या डोळ्यांत परत फेकतात. डिप्परवर ठेवा. फॉगलॅम्प खाली बसवतात ते याचसाठी: उजेड धुक्याच्या खालून, रस्त्यालगत जावा आणि डोळ्यांच्या रेषेत परत येऊ नये. पिवळा दिवा धुकं "कापतो" हा मात्र समज आहे. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने प्रचंड मोठे असतात, ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच फेकतात.

आकाश निळं, संध्याकाळ तांबडी. मधला दुवा काय?

गंगावेशीतल्या कट्ट्यावरून धारोष्ण दूध आणा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात चमच्याने दुधाचे काही थेंब टाका, खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्च लावा. बाजूने बघाल तर पाणी निळसर दिसेल. समोरून, ग्लासातून टॉर्चकडे बघाल तर दिवा नारिंगी. आणखी थेंब टाकले की आणखी तांबूस. आकाश आणि संध्याकाळ, दोन्ही एका ग्लासात.

पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. निळ्याची लहर आखूड, तांबड्याची लांब. अगदी बारीक कणांवर, हवेच्या रेणूंवर, आखूड लहरी जास्त विखुरतात. निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून थोडा जास्त. हा विखुरलेला निळा चहूबाजूंनी येतो म्हणून आकाश निळं. संध्याकाळी प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, निळा वाटेतच इकडेतिकडे वाटला जातो आणि उरतो तो तांबडा. जांभळी लहर निळीहून आखूड, मग आकाश जांभळं का नाही? मुळात सूर्यप्रकाशात जांभळा कमी, आणि आपले डोळे त्याला मंद.

इथे सी. व्ही. रामन यांची आठवण हवीच. १९२१ मध्ये युरोपला जाता-येता बोटीवरून त्यांनी समुद्र पाहिला. समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मानलं जायचं. रामननी प्रतिबिंबाची चमक गाळून टाकणारा स्फटिक डोळ्याला लावला, तरी पाणी निळंच. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं. या वाटेने सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ ला, रामन परिणाम सापडला आणि १९३० मध्ये नोबेल. रंकाळ्याच्या हिरवट पाण्याला हे लागू करू नका. तो रंग शेवाळाचा.

पांढरा रस्सा पांढरा का?

हा प्रश्न कट्ट्यावर हसण्यावारी विचारला गेला होता, पण चांगला आहे. पांढऱ्या रश्शात पांढरा रंग कुठेच नाही. नारळाच्या दुधातले स्निग्धाचे थेंब पारदर्शक, पाणीही पारदर्शक. पण असंख्य थेंबांच्या पृष्ठभागांवर प्रकाश आपटत, वळत, पुन्हा आपटत बाहेर येतो आणि येताना सगळे रंग सारखेच घेऊन येतो. सगळे रंग एकत्र म्हणजे पांढरा. साखरेचा एक दाणा काचेसारखा, पोतं मात्र पांढरंशुभ्र, तसंच. ढग, कापूस, मीठ, साबणाचा फेस, सगळे या एकाच युक्तीवर पांढरे.

तांबड्या रश्शाचं वेगळं. तिथे मिरचीचा रंग तेलात उतरतो आणि निळा-हिरवा प्रकाश गिळून टाकतो. उरतो तो तांबडा, कटावर तरंगताना दिसतो तो. एक रंग फेकून होतो, दुसरा गिळून. दोन वाट्या शेजारी ठेवल्या की अर्धा प्रकाशशास्त्राचा धडा ताटात.

मग ओला कपडा गडद का दिसतो?

वरच्या उत्तराची उलट बाजू. सुक्या कापडात धाग्यांमध्ये हवा असते. प्रकाश वाकवण्याच्या ताकदीत धागा आणि हवा यांत फरक मोठा, म्हणून प्रकाश लगेच परत फिरतो. पाणी भरलं की फरक कमी होतो, प्रकाश आत खोल शिरतो आणि गिळला जातो. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या पहिल्या पावसात काळ्या होतात त्याही अशाच. तेलाचा डाग पडलेला कागद अर्धपारदर्शक होतो, त्याचंही कारण तेच.

इंद्रधनुष्य दुपारी का दिसत नाही?

इंद्रधनुष्य म्हणजे तुमच्या डोक्याच्या सावलीभोवतीचं वर्तुळ. केंद्र सूर्याच्या बरोबर उलट बाजूला, आणि त्यापासून ४२ अंशांवर तांबडा पट्टा. सूर्य ४२ अंशांहून वर असेल तर अख्खं वर्तुळ क्षितिजाखाली जातं. कोल्हापुरात जूनमध्ये साधारण सकाळी सव्वानऊ ते दुपारी चार सूर्य ४२ अंशांच्या वर असतो. तेवढ्या वेळात आकाशात इंद्रधनुष्य शोधणं व्यर्थ. चारनंतर ऊन-पावसाचा खेळ चालू असेल तर सूर्याकडे पाठ करून पूर्वेला बघा. सकाळी पश्चिमेला.

भर दुपारी हवंच असेल तर पावसाळ्यात राधानगरीजवळच्या राऊतवाडी धबधब्यासारख्या ठिकाणी तुषारांत बघा. तुषार तुमच्या नजरेखाली असतात, म्हणून क्षितिजाची अडचण येत नाही.

"तानापिहिनिपाजा" सगळ्यांना पाठ आहे. तांबडा बाहेर, जांभळा आत. पण नशिबाने दुसरं, फिकं धनुष्य बाहेरच्या अंगाला दिसलं (५१ अंशांच्या आसपास), तर त्यात क्रम उलटा असतो, कारण थेंबाच्या आत प्रकाश एकदा नव्हे, दोनदा परावर्तित होतो. दोन्हींच्या मधलं आकाश जास्त काळपट दिसतं, तेही पाहून ठेवा. सात रंग हे मात्र सोयीचं मोजमाप आहे. तिथे सीमारेषा नाहीत.

चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो का?

खळं म्हणजे चंद्रापासून २२ अंशांवरचं मोठं कडं. हात लांब करून वीत ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढंच अंतर होतं. फार उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात (हो, एप्रिलच्या कोल्हापुरावरसुद्धा), त्यांतून चांदणं वाकतं आणि कडं उमटतं. असे ढग कधी कधी पावसाळी हवेच्या पुढे धावतात, म्हणून जुन्या माणसांचं निरीक्षण अगदी निराधार नाही. पण त्यावर पेरणी ठरवू नका.

विहिरीचा तळ जवळ का वाटतो?

पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, आणि डोळा मात्र तो सरळच आला असं धरून चालतो. परिणाम असा की वरून सरळ बघताना खोली पाऊणपट दिसते: १२ फुटांची विहीर ९ फुटांची. काठावरून तिरकं बघाल तर आणखी उथळ. उन्हाळ्यात पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या आईबापांनी हे लक्षात ठेवावं. "तळ दिसतोय की" यावर विश्वास ठेवून उडी मारायची नाही. काठीने खोली बघायची.

मृगजळ खरं असतं की भास?

भास नाही, त्याचा फोटो निघतो. कागलच्या बाजूला महामार्गावर एप्रिलच्या दुपारी डांबराला लागून असलेली हवा तापून विरळ होते, वरची तुलनेने थंड राहते. आकाशाकडून खाली येणारा प्रकाश या थरांत वाकत वाकत पुन्हा वर वळतो आणि तुमच्या डोळ्यात येतो. रस्त्यावर चमकतं ते पाणी नसतं, आकाशाचा तुकडा असतो. पाणी समजण्याची चूक मेंदूची. डोळ्याने बरोबर तेच पाहिलं.

सावली खरंच नाहीशी होते का?

होते, पण वर्षातून दोनदाच, आणि रोज दुपारी बाराला तर नाहीच. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य बरोबर तेवढा उत्तरेला येतो तो ६ मेच्या आणि ५-६ ऑगस्टच्या सुमारास. तेव्हा दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच शिरते. बाराला का नाही? आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि कोल्हापूर ७४.२ वर, सूर्य आपल्याकडे अर्ध्या तासाने उशिरा पोचतो. ऑगस्टचा दिवस बहुतेक वेळा ढगात जातो, तेव्हा मे धरा. दिल्लीला हे कधीच दिसत नाही, कर्कवृत्ताच्या वर असल्यामुळे.

मिरवणुकीतल्या लेसरने डोळा जातो म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि यावर मी चेष्टा करत नाही. गेल्या काही वर्षांत गणपतीच्या मिरवणुकांनंतर नेत्रपटलाला (डोळ्याच्या आतल्या पडद्याला) इजा झालेले रुग्ण आपल्याकडे आलेत.

साधा बल्ब चहूकडे उजेड पसरवतो. दूर गेलात की कमी होतो. लेसरचा झोत जवळजवळ समांतर राहतो, पन्नास फुटांवरही फारसा पसरत नाही. आणि समांतर किरण डोळ्यात शिरले की डोळ्याचं भिंग ते एका सूक्ष्म ठिपक्यात गोळा करतं. बुबुळापाशी जेवढी तीव्रता, तिच्या सुमारे एक लाख पट नेत्रपटलावर. भिंगाने कागद जाळतो तसंच, फक्त कागद तुमच्या डोळ्याच्या आत. पापणी मिटायला साधारण पाव सेकंद लागतो. ताकदवान लेसरला त्याच्या आतच काम उरकता येतं. त्या जागी वेदना होत नाहीत, म्हणून पोरं दुसऱ्या दिवशी "नजरेत काळा डाग दिसतोय" म्हणत येतात. झोत आपल्या बाजूला फिरतोय असं दिसलं की पाठ फिरवा. मोबाइल वर धरून शूटिंगही नको, त्याचा सेन्सरही जळतो. झांजपथक आणि लेझीम यांनी मिरवणुकीची शोभा कमी होत नव्हती, एवढंच म्हणतो.

चष्म्याचा नंबर म्हणजे नेमकं काय? आणि चाळिशी?

नंबर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्त. उणे २ नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, उणे ४ वाल्याला पाव मीटर. कुणाचा चष्मा कुठल्या प्रकारचा हे ओळखायचं असेल तर तो वर्तमानपत्रावर धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. अक्षरं चष्म्याबरोबरच सरकली आणि बारीक दिसली तर उणे, उलटी सरकली आणि मोठी दिसली तर अधिक.

चाळिशी हा आपल्या भाषेतला झकास शब्द. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, जवळचं बघायला फुगू शकत नाही. मग पेपर लांब, आणखी लांब, हात अपुरा पडेपर्यंत. उणे अडीच नंबर असलेले माझे एक सहकारी मात्र साठीतही चष्मा काढून पंचांग वाचायचे आणि "माझी नजर बघा" म्हणायचे. नजर नव्हे, उणे नंबरची कृपा: त्यांना ४० सेंटिमीटरवर आपोआप स्पष्ट दिसायचं.

निळा प्रकाश अडवणारी काच जादा पैसे देऊन घ्यावी का, असं हल्ली फार विचारतात. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात, पडद्यासमोर बसून डोळे थकण्यावर तिचा थोड्या काळात फायदा आढळला नाही. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. अधूनमधून लांब बघा, फुकट आहे.

दुकानात घेतलेल्या साडीचा रंग घरी बदलतो तो कसा?

साडी बदलत नाही, उजेड बदलतो. दुकानातल्या दिव्यात जो रंग कमी, तो साडीला परत फेकता येत नाही. महाद्वार रोडवर असाल तर दुकानदाराला सांगून साडी दारात, उन्हात आणून बघा. चांगले दुकानदार स्वतःच आणतात.

आरसा डावं-उजवं बदलतो, मग वर-खाली का नाही?

तो या दोन्हींपैकी काहीच बदलत नाही. पुढचं-मागचं बदलतो. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, पूर्वेचा हात पूर्वेलाच दिसेल. आपण मनातल्या मनात वळसा घालून आरशात जाऊन उभे राहतो, घोळ तिथे होतो. आणि अख्खं अंग बघायला आपल्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, दुकानदार काहीही सांगो.

उगवता चंद्र मोठा का दिसतो?

दिसतो, असतो मात्र तेवढाच. हात लांब करून करंगळी धरा. क्षितिजावर आणि डोक्यावर दोन्ही वेळा तिच्या नखाआड मावेल. हा खेळ मेंदूचा आहे, हवेचा नाही.

राधानगरीला काजवे बघायला गेलो, पण फारसे दिसलेच नाहीत. आमचंच काही चुकलं का?

बहुतेक हो. मे संपताना, पहिल्या वळवानंतर तिथली झाडं लखलखतात. काजव्याचा उजेड रासायनिक, जवळजवळ उष्णतेशिवायचा आणि हिरवट-पिवळा. आपल्या डोळ्यांना हाच रंग सर्वांत चांगला दिसतो, पण डोळे अंधाराला सरावलेले असतील तरच. त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. नेत्रपटलावर अंधारात काम करणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य उजेडाने उडून जातं आणि सावकाश पुन्हा भरतं. गाडीतून उतरल्या उतरल्या "कुठं आहेत?" म्हणाल तर पाच-पंचवीस दिसतील. अर्धा तास गप्प बसाल तर झाडच्या झाड एका तालात विझताना-पेटताना दिसेल. आणि तेवढ्यात मागच्या कुणीतरी सेल्फीसाठी टॉर्च लावली, की सगळ्या घोळक्याची वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.